नंदी नदारद

कागदावर खाणेश्वर. गावाच्या तोंडी कानेश्वर.
भूमच्या कचेरीत मला दोन्ही लिहायला सांगितलं,
मध्ये तिरपी रेघ देऊन.

जुना पंचनामा उर्दूत, फसली तेराशे एकोणचाळीसचा,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
निसारमियाँनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला
आणि हसले:
"बैल, पत्थर का, एक. नदारद.
बाई, देव तुमचे पैदल हैं."

मोजपट्टी, पाण्याची बाटली, छापील तक्ता घेऊन
बालाघाटाची ती सोंड चढले.
खाली शाळू काढून झालेला, धसकटं पांढरी.
वर देऊळ: चुना नाही, माती नाही,
दगडानं दगड धरून ठेवलेला,
भांडण झालेली दोन माणसं एकाच घोंगड्यात निजावी तसा.
खांब चोवीस. गाभारा चार पायऱ्या खाली,
तिथला अंधार गार, कुजलेल्या बेलाचा वास.
आणि मंडपात, पिंडीच्या समोर, गुडघाभर उंच चौथरा.
रिकामा.

पंचनाम्यात साक्षी चार.

बाळनाथ गुरव सांगतो:
रातच्याला उतरतंय, शाळूत चरतंय.
गाव त्याच्यासाठी एक पात उभी सोडायचं.
एका साली नव्या मालकानं तीबी कापली.
तवापासून लांब जायलाय,
उजाडायच्या आत माघारी येणं होईना.

बिरू हटकर सांगतो:
बारवेत पाणी पिताना बघितलं.
बघितलं म्हंजे ऐकलं.
सकाळी पाणी एक पायरी खाली,
आन् ती पायरी ओली.

नरसू पाथरवट सांगतो, इथं शाई जाड झालीय:
केलाच नव्हता हो नंदी.
आमच्या खापरपणज्यानं खाणीत आधी कान कोरले.
आधी कानच कोरायचे असतेत,
म्हंजे दगड पुढचे घाव ऐकत बसतंय, बिचकत नाही.
कान झाले आन् म्हातारा गेला.
खाणीतच हायेत अजून, घाणेरीच्या जाळीत.
कुणाला घावंनात.

चौथी साक्ष: एक औरत. नाव लिहिलेलं नाही.
डाव्या अंगठ्याचा ठसा आणि एकच ओळ:
गेला कुठं? बसंल त्यो नंदी.
पुढं कारकुनाचा शेरा: दीवानी.

मी चौथरा मोजला. लांबी चार फूट दोन इंच.
मधोमध झिजलेला, खोलगट, गुळगुळीत,
पण बैलाच्या पोटाएवढा नाही ती झीज.
पुन्हा मोजली. तेवढीच.
बुटात कुसळ गेलं होतं.
बसले.

समोर दार, दारात अंधार, अंधारात पिंड,
तिच्यावर वरून कुठून तरी गळणारं पाणी.
कुसळ काढते न काढते तोच चढून आली एक बाई,
ओचा खोचलेला, चपला हातात, छाती भात्यासारखी हलत.
मला बघून थबकली नाही.
कोण, कुठली, कुणाची, काही विचारलं नाही.
माझ्या डाव्या कानावर तळवा दाबून धरला
आणि उजव्यात सांगितलं.

तंबाखूचा वास. चार वाक्यं असतील.
एक नाव दोनदा.
मग पाठीवरून हात फिरवला,
वशिंड असतं तिथं जरा थांबून,
आणि आली तशी उतरून गेली.

मी पिंडीकडं बघितलं.
आता पुढं काय करायचं असतं?
नंदीला बोलताना कुणी ऐकलंय?
तो नुसता तिकडं तोंड करून बसतो.
बसले मग मीही,
उन्हं तुटक्या उंबऱ्यावरून उतरेपर्यंत.

तक्त्यात रकाना होता:
नंदी आहे / नाही. असल्यास, सद्यस्थिती.
तो कोराच राहिला.
घाट उतरताना मान जरा तिरपी धरली,
कानातलं सांडू नये म्हणून.